हायपरगॅमन: तीन सोंगट्यांचं झटपट बॅकगॅमन कसं खेळायचं

बॅकगॅमन हा दोघांनी फासे टाकून खेळायचा पटावरचा खेळ; त्याचा पूर्ण डाव तसा लांबतो. प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या असतात, आणि सगळ्या घरी नेऊन बाहेर काढायला सुरुवातीलाच १६७ पिप चालायची असतात. (एका सोंगटीनं एक घर पुढे जाणं म्हणजे एक पिप.) दोन फाशांच्या एका दानाची सरासरी ८ पिपपेक्षा जराशी जास्त येते, म्हणजे मारामारी न होताही वीसेक दानं लागतात. हायपरगॅमनमध्ये प्रत्येकाकडे तीनच सोंगट्या आणि चालायची पिप ६९. कोणी मारलं नाही तर आठ-नऊ दानांत डाव संपतो. पट तोच, फासे तेच, मूळ नियमही तेच. फक्त मांडणी वेगळी. पण एवढ्याच बदलानं खेळाचं गणित पार फिरतं.

मोठ्या खेळातली निम्मी हुशारी अडवण्यात असते. सलग घरं बांधायची (एका घरात आपल्या दोन सोंगट्या बसल्या की ते घर बांधलं), समोरच्याची सोंगटी कोंडायची आणि तो अडकलेला असताना आपलं आवरून घ्यायचं. तीन सोंगट्यांत असली भिंत उभीच राहत नाही. एका वेळी फार तर एक घर बांधता येतं. म्हणून इथे सगळा खेळ येतो एकाच प्रश्नावर: माझी एकटी सोंगटी त्याच्या किती दानांत मारली जाऊ शकते, आणि त्याची माझ्या किती दानांत? हे मोजायची सवय ज्याला आहे, तो दहा-बारा डावांत पुढे निघतो. एखाद्या डावात मात्र नशीब कुणालाही तारतं, तेवढं गृहीत धरूनच बसायचं.

मांडणी

पटावर २४ घरं. प्रत्येक खेळाडू ती आपल्या बाजूनं मोजतो. तुमचं होम बोर्ड म्हणजे १ ते ६ आणि समोरच्याचं होम बोर्ड तुमच्या मोजणीत १९ ते २४. तुमचं २४ हे त्याचं १, तुमचं २३ हे त्याचं २. दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी २५ येते, ही खूण लक्षात ठेवा.

तुमच्या तीन सोंगट्या २४, २३ आणि २२ वर ठेवा, प्रत्येक घरात एक. समोरचाही त्याच्या २४, २३, २२ वर ठेवेल, म्हणजे तुमच्या १, २, ३ वर. पंधरा-पंधराचा संच असेल तर उरलेल्या बारा-बारा बाजूला ठेवून द्या.

म्हणजे दोघांच्या सगळ्या सोंगट्या परक्या घरात अगदी खोलवर आणि सगळ्या एकट्या. तुम्ही २४ कडून १ कडे यायचं, तो १ कडून २४ कडे जाणार. मध्ये दोघांनी एकमेकांना ओलांडायचं. हे ओलांडणं हाच खरा डाव.

नियम थोडक्यात

बॅकगॅमन येत असेल तर हा भाग वरवर वाचला तरी चालेल.

सुरुवातीला दोघांनी एकेक फासा टाकायचा. मोठा आकडा ज्याचा, त्यानं त्याच दोन आकड्यांनी पहिली चाल करायची. आकडे सारखे आले तर पुन्हा टाकायचे, त्यामुळे पहिलं दान कधीच जोडीचं नसतं. पुढे प्रत्येक दानात दोन्ही आकडे शक्य असतील तर वापरलेच पाहिजेत. दोनांपैकी कुठलाही एकच खेळता येत असेल तर मोठा खेळायचा. जोडी पडली तर तो आकडा चार वेळा.

समोरच्याच्या दोन किंवा जास्त सोंगट्या असलेल्या घरात उतरता येत नाही. एकटी असेल तर तिला मारता येतं, आणि मारलेली सोंगटी बारवर, म्हणजे पटाच्या मधल्या पट्टीवर, जाते. बारवरची आत आल्याशिवाय दुसरी कुठलीही हलवायची नाही. आत यायचं ते समोरच्याच्या होम बोर्डात: १ पडला तर २४ वर, ६ पडला तर १९ वर. तिन्ही सोंगट्या आपल्या होम बोर्डात आल्या की बाहेर काढायला सुरुवात. ज्याच्या तिन्ही आधी बाहेर, तो जिंकला.

समोरच्याची एकही बाहेर निघाली नसेल तर तो गॅमन, दुप्पट गुण. वर त्याची सोंगटी बारवर किंवा तुमच्या होम बोर्डातच असेल तर तिप्पट. हायपरगॅमनमध्ये गॅमन नेहमीचेच. शेवटाला मार खाल्लेल्या सोंगटीला बारवरून आपल्या होम बोर्डाच्या उंबऱ्याशी यायलाच १९ पिप लागतात, आणि तोवर समोरच्याला तीनच तर काढायच्या असतात.

किती दानांत मार बसतो: हे पाठच करा

दोन फाशांची एकूण ३६ दानं. ६-५ आणि ५-६ ही दोन वेगळी, ६-६ मात्र एकच. समोरची एकटी सोंगटी तुमच्यापासून किती घरं दूर आहे त्यावर तुमच्या किती दानांत ती मारली जाते (किती दानं तिला ‘लागतात’), ते असं:

१ घर – ११ दानं
२ – १२
३ – १४
४ – १५
५ – १५
६ – १७
७ – ६
८ – ६
९ – ५
१० – ३
११ – २
१२ – ३

त्यापुढे फक्त जोड्या. १५ ला ५-५, १६ ला ४-४, १८ ला ६-६, २० ला ५-५, २४ ला ६-६, प्रत्येकी एकच दान. १३, १४, १७, १९ या अंतरांवर काहीच लागत नाही.

मोठ्या खेळात हे आकडे नुसते धरून चालत नाहीत, कारण वाटेतली बांधलेली घरं काही दानं खाऊन टाकतात. हायपरगॅमनमध्ये वाट बहुतेक मोकळी असते, त्यामुळे कोष्टक जवळपास जसंच्या तसं लागू पडतं. मला हा खेळ शिकवायला म्हणून आवडतो तो यासाठीच.

कोष्टकातली ६ आणि ७ यांच्यामधली दरी बघा. १७ वरून थेट ६. म्हणजे एका घराच्या फरकानं धोका जवळजवळ तिपटीनं बदलतो. सहाच्या आत असणं म्हणजे थेट माऱ्यात असणं. तिथे थांबावंच लागलं तर अगदी खेटून थांबा, कारण १ घरावर ११ दानं आणि ६ घरांवर १७.

समोरच्याच्या दोन-तीन सोंगट्या तुमच्या मागावर असतील तर त्या-त्या अंतरांचे आकडे नुसते मिळवू नका, एकच दान दोनदा मोजलं जातं. आधी थेट आकडे बघा. मारणारा एक आकडा असेल तर ११ दानं, दोन असतील तर २०, तीन असतील तर २७. मग उरलेल्यांतून बेरजेनं लागणारी दानं आणि जोड्या शोधा.

पहिली चाल

सुरुवातीला त्याच्या सोंगट्या तुमच्या १, २, ३ वर आहेत. समजा ६-५ पडलं आणि एकच सोंगटी ११ घरं पळवायची ठरवली. तीन पर्याय आहेत.

२४/१३ खेळलात (म्हणजे २४ वरची १३ वर आणली) तर अंतरं १०, ११, १२. त्याची ८ दानं लागतात.
२३/१२ खेळलात तर अंतरं ९, १०, ११. दानं १०.
२२/११ खेळलात तर अंतरं ८, ९, १०. दानं १४.

आकडे तेच, सोंगटी वेगळी, आणि धोका ८ वरून १४ वर. वर मार बसल्यावरचं नुकसानही वाढतं: १३ वरची मेली तर १२ पिप वाया, ११ वरची मेली तर १४.

आता चौथा पर्याय. २४/१८ आणि २३/१८. दोन्ही सोंगट्या १८ वर एकत्र, घर बांधलं. मागे २२ वर एक एकटी राहते, आणि तिला फक्त ५-५ लागतं. ३६ पैकी एक दान.

तीन सोंगट्या एकेका घराच्या अंतरावर असल्यामुळे, ज्या दानातल्या दोन आकड्यांत १ किंवा २ चा फरक आहे त्यानं घर बांधता येतं. ६-५, ५-४, ४-३, ३-२, २-१ आणि ६-४, ५-३, ४-२, ३-१. पहिल्या चालीच्या १५ प्रकारांपैकी ९. प्रत्येक वेळी बांधावंच असं मी म्हणणार नाही. पण पर्याय आहे हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. नवखे खेळाडू एकच सोंगटी दामटतात आणि दुसरीकडे बघतही नाहीत.

६-२ ला घर बांधता येत नाही. तिथे २४/१६ घ्या. अंतरं १३, १४, १५, म्हणजे लागतं ते ५-५ च. याउलट ६-३ ला २४/१५ खेळलं तर १२ चं अंतर तयार होतं, त्यावर ६-६, ४-४, ३-३, शिवाय मागच्यांना ५-५. एकूण ४ दानं. हेही थोडीच आहेत, घाबरण्यासारखं काही नाही.

यामागचं तत्त्व असं: जो आधी टप्प्यात येतो, तो आधी मार खातो. तुमच्या सोंगट्या १६ च्या अलीकडे आल्या नाहीत तर समोरच्याला मारायला फक्त एखादी जोडी मिळते. मग मधल्या मैदानात उतरायची पाळी त्याची, आणि तो उतरला की पहिला नेम तुमचा. म्हणून सुरुवातीला लहान दान पडलं तर कपाळाला आठ्या घालू नका. शर्यतीत थोडं मागे पडाल, पण वाट बघायला सवड मिळते.

दोन चाली पुढे

तुम्ही ६-२ ला २४/१६ खेळलात. तुमच्या सोंगट्या २३, २२, १६ वर. समोरच्याला ४-३ पडलं. त्याच्या मोजणीत तो २४/२० आणि २३/२० खेळून घर बांधतो. तुमच्या बाजूनं बघितलं तर त्याच्या दोन सोंगट्या ५ वर आणि एकटी ३ वर. तिला तुमचं फक्त ५-५ लागतं. त्यानं एकच सोंगटी ७ घरं पळवून तुमच्या ८ वर आणली असती, तर १६ वरून ८ चं अंतर झालं असतं: ६-२, ५-३, ४-४, २-२, आणि शिवाय ५-५. सात दानं. त्यानं बरोबर खेळलं.

आता तुम्हाला ६-१ पडलं. हात आपोआप पुढच्या सोंगटीकडे जातो, १६/९. तिथे काय होतं बघा. ५ वरून अंतर ४, ३ वरून अंतर ६. चार किंवा सहा असलेली २० दानं, त्यात ३-१ ची दोन, ५-१ ची दोन, आणि १-१, २-२, ३-३, शिवाय मागे २३ वर राहिलेलीला ५-५. एकूण २८. चारांतून तीनदा तरी मार.

त्याऐवजी २३/१६ खेळा. २३ वरून सहा घरं म्हणजे १७, आणखी एक म्हणजे १६, जिथे तुमचीच सोंगटी बसली आहे. घर बांधलं गेलं. उरली २२ वरची. तिचं अंतर त्याच्यापासून १७ आणि १९. कुठलंच दान लागत नाही. एकीकडे २८ आणि दुसरीकडे शून्य, तेही एकाच दानातून! हायपरगॅमनमध्ये असे प्रसंग डावागणिक येतात, आणि घाईनं हात टाकणारा त्यातच हरतो. झटपट खेळ म्हणजे झटपट चाल नव्हे.

मार बसल्यावर

मोठ्या खेळात बारवर गेलेली सोंगटी कितीतरी दानं बाहेरच अडकून पडू शकते. इथे ती भीती जवळपास नाही. समोरच्यानं त्याच्या होम बोर्डात एक घर बांधलेलं असलं तरी तुम्ही आत येत नाही ते फक्त त्याच आकड्याची जोडी पडल्यावर, म्हणजे ३६ त एकदा. नुकसान होतं ते अंतराचं. जिथे मेली त्या घराचा आकडा २५ मधून वजा करा, तेवढी पिप गेली. २० वर मेली तर ५, ४ वर मेली तर २१.

यावरून एक हिशेब निघतो, आणि तो प्रत्येक चालीला करावा: किती दानं लागतात, गुणिले किती पिप जातात. परक्या घरात असताना धोका स्वस्त असतो, आपल्या घराजवळ आल्यावर महाग. म्हणून दोन सोंगट्यांपैकी एकीला उघडं ठेवणं भाग असेल तर मागची उघडी ठेवा.

आणि आत येताना मारण्याची संधी सोडू नका. समोरच्याच्या होम बोर्डात त्याची एक एकटी सोंगटी असेल तर नुसत्या त्या आकड्यावर ११ दानं, दोन असतील तर २०, तिन्ही एकट्या असतील तर २७. मेलेली सोंगटी आत येता येता डाव पालटते. म्हणूनच मारण्याआधी स्वतःकडे बघायचं: मी मारलं आणि त्यानं बारवरून परत मारलं तर माझं काय जाईल? तुमची घरी पोचलेली सोंगटी गेली तर वीसेक पिपचा फटका बसतो.

मागची सोंगटी आणि घरी पोचणं

एक सोंगटी मुद्दाम २४ वर ठेवून देणं ही इथली जुनी युक्ती. तिथून समोरच्याचं सगळं होम बोर्ड तिच्या पुढ्यात असतं. तो घरी येऊन एकटी सोंगटी ठेवेल तर ती तिच्या थेट माऱ्यात. पुढच्या दोन सोंगट्या सुरक्षित असतील आणि शर्यतीत तुम्ही मागे असाल, तर पहारा चालू ठेवा. शर्यतीत पुढे असाल तर पहिल्या बऱ्या दानाला तिला सोडवा. पुढे असताना पहारा द्यायचा हट्ट म्हणजे जिंकलेला डाव पुन्हा पणाला लावणं.

हाच प्रसंग उलट बाजूनं आला, म्हणजे त्याची सोंगटी तुमच्या होम बोर्डात बसली असेल, तर तुमच्या शक्यतो जोडीनं उतरवा. तसं जमत नसेल तर तिच्या मागच्या घरात उतरा. त्याची सोंगटी तुमच्या ३ वर असेल तर १ आणि २ ही घरं तिच्या पाठीशी येतात. तिला मागे फिरता येत नाही.

दोघांनी एकमेकांना ओलांडलं की उरते शर्यत. तीनच सोंगट्या असल्यानं पिप मोजायला दोन क्षण पुरतात, त्यामुळे न मोजण्याला सबब नाही.

बाहेर काढताना उपयोगी पडणारे थोडे आकडे. शेवटची सोंगटी १, २ किंवा ३ वर असेल तर एका दानात ती हमखास निघते. ४ वर असेल तर ३६ पैकी ३४ दानांत, ५ वर असेल तर ३१, ६ वर असेल तर २७. दोन उरल्या असतील तर १ आणि २ वर असलेल्या नेहमी निघतात, ३ आणि १ वरच्या ३४ दानांत, पण दोन्ही २ वर असतील तर फक्त २६. दोन्हीकडे बेरीज चारच, तरी ३-१ कितीतरी बरी. शेवटच्या आधीची चाल करताना हा फरक आठवा.

डबलिंग क्यूब

क्यूबशिवायही खेळता येतं, पण मजा अर्धी राहते. २, ४, ८, १६, ३२, ६४ असे आकडे असलेला हा ठोकळा १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये खेळात आला. आपल्या पाळीला, फासे टाकण्याआधी, डावाची किंमत दुप्पट करायचा प्रस्ताव द्यायचा. समोरचा नाकारेल तर आधीच्या किमतीला हरला. स्वीकारेल तर क्यूब त्याच्याकडे, आणि पुढचा प्रस्ताव फक्त तोच देऊ शकतो.

स्वीकारायचं कधी? जिंकण्याची शक्यता निदान २५ टक्के असेल तेव्हा. असे चार डाव नाकारले तर चार गुण जातात. चारही स्वीकारून तीन हरलात आणि एक जिंकलात तर सहा गेले, दोन आले, म्हणजे तेच चार. मघाचा आकडा इथे कामाला येतो. तुमची एकच सोंगटी ६ वर उरली आहे, आणि समोरच्याची एक १ वर, बाकीच्या दोन बाहेर. पाळी तुमची. ३६ पैकी २७, म्हणजे बरोबर ७५ टक्के तुमचे. तुम्ही डबल करायलाच हवं. त्यानं स्वीकारलं काय नि नाकारलं काय, हिशेब सारखाच. तुमची ५ वर असती तर त्यानं डोळे मिटून नाकारायला हवं.

गॅमनचा धोका असेल तर हा २५ टक्क्यांचा हिशेब पुरत नाही, जास्त शक्यता हवी. आणि मोठ्या खेळात शर्यतीसाठी वापरतात ते पिपच्या टक्केवारीचे ठोकताळे इथे आणू नका. इतक्या छोट्या शर्यतीत कुणाला किती दानं लागतील तेच मोजायचं.

सुट्या डावांत बरेच जण ऑस्वल्ड जेकोबी यांच्या नावाचा नियम लावतात: क्यूब फिरला नसेल तर गॅमन धरायचा नाही. यामुळे खेळ आणखी वेगवान होतो, कारण दुप्पट गुण हवे असतील तर आधी क्यूब पुढे करावा लागतो. इथे एका मारानं पारडं पूर्ण झुकतं, म्हणून मोठ्या खेळापेक्षा क्यूब लवकर काढा. पुढच्या दानात तुम्ही मारलंत तर तो नक्की नाकारेल, आणि मारण्याची शक्यता भरपूर आहे, असं दिसलं की तीच वेळ.

सुट्या डावांऐवजी ५ किंवा ७ गुणांचा सामना ठेवलात तर नशिबाची धार जरा बोथट होते. सामन्यात जेकोबी नियम लावत नाहीत. तिथे क्रॉफर्ड नियम असतो: एखाद्याला जिंकायला एकच गुण उरला की लगेचचा एक डाव क्यूबशिवाय.

सराव

बॅकगॅमन खेळाडू ह्यू स्कॉनियर्स यांनी संगणकावर हायपरगॅमन पूर्ण सोडवलेलं आहे. क्यूब कुणाकडे हे धरून सुमारे ३ कोटी २० लाख स्थिती होतात, आणि त्या प्रत्येकीचं अचूक मूल्य काढलेलं आहे. ग्नू बॅकगॅमन या मोफत प्रोग्रॅममध्येही हा प्रकार एक, दोन आणि तीन सोंगट्यांनी खेळता येतो.

अगदी नवख्याला मी आधी दोन सोंगट्यांचा डाव खेळायला लावतो, २४ आणि २३ वर मांडून. काही मिनिटांत संपतो, आणि प्रत्येक चालीआधी समोरच्याची मारणारी दानं मोठ्यानं मोजायची एवढी एकच अट. आकडा चुकला तर चाल परत. आकडे न अडखळता येऊ लागले की तिसरी सोंगटी मांडायची, आणि तिसरी अंगवळणी पडली की क्यूब टेबलावर ठेवायचा.